जगाची पंगत : या, बसा, विचारा!



आज सुरुवात एका कोड्याने करू या. असं कोणतं घर आहे, जिथे यजमान थोडे आणि पाहुणे फार?

कुणी म्हणेल, लग्नघर! कुणी म्हणेल, गणपतीतलं आमचं घर! दोन्ही उत्तरं चुकीची नाहीत. पण आजच्या कोड्याचं उत्तर आहे एक अख्खा देश : संयुक्त अरब अमिराती. दुबई, अबुधाबी, शारजा ही नावं तुम्ही ऐकलेलीच असतील. तुमच्यापैकी कुणाचे बाबा, मामा, आत्या किंवा शेजारचे काका तिथे नोकरीलाही असतील. या देशात राहणाऱ्या दर दहा माणसांमागे मूळचा तिथला माणूस जेमतेम एक. बाकीचे नऊ जण बाहेरून आलेले. त्यांत सर्वांत जास्त कोण, सांगा बरं? आपण! म्हणजे भारतीय.

आता गंमत पाहा. एखादा माणूस भारतातून दुबईला जातो. तिथे दहा दहा, वीस वीस वर्षं राहतो. कचेरीत शेजारी केरळचा, दुकानात पाकिस्तानचा, टॅक्सीत बांगलादेशचा, इस्पितळात फिलिपाईन्सची परिचारिका. सगळे भेटतात. पण ज्यांचा तो देश, त्या अरब माणसांच्या घरात पाऊल टाकण्याचा योग कित्येकांना कधीच येत नाही. रस्त्यात पांढरा झगा घातलेला माणूस दिसतो, त्याला तिथे ‘कंदूरा’ म्हणतात. काळा ‘अबाया’ घातलेली बाई दिसते. पण ती माणसं घरी काय जेवतात? कशाला हसतात? आजी नातवंडांना काय भरवते? काही ठाऊक नाही. आणि जे ठाऊक नसतं, त्याविषयी माणसं मनानेच काहीबाही ठरवून टाकतात. हे तर आपल्याकडेही होतं, नाही का?

मग यावर उपाय काय? दुबईतल्या काही मंडळींनी एक अगदी घरगुती उपाय शोधला. त्यांनी सतरंजी अंथरली आणि जेवण वाढलं!

वाऱ्याच्या मनोऱ्याखाली

दुबईत खाडीच्या काठाला अल फहिदी नावाची जुनी वस्ती आहे. पूर्वी तिला बस्ताकिया म्हणत, कारण इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी तिथे घरं बांधली होती. समुद्रातल्या प्रवाळाचे दगड आणि चुन्यासारखा जिप्सम यांच्या त्या भिंती. घरांवर चौकोनी मनोरे. त्यांना ‘बर्जील’ म्हणतात. वरून जाणारा वारा त्या मनोऱ्यात अडतो आणि खालच्या खोलीत उतरतो. वीज नव्हती, पंखे नव्हते, तेव्हाचा हा त्यांचा वातानुकूलित दिवाणखाना!

या वस्तीत 1998 साली एक संस्था सुरू झाली. नाव जरा लांबलचक आहे : शेख मोहम्मद सेंटर फॉर कल्चरल अंडरस्टँडिंग. पण तिचं ब्रीदवाक्य अगदी छोटं आहे. ‘दारं उघडी, मनं उघडी.’ इथे पाहुण्यांना न्याहारीला आणि जेवायला बसवतात. टेबल-खुर्ची नाही. चपला-बूट काढायचे, जमिनीवर गाद्या-उशांशी बसायचं आणि मध्ये मोठमोठी पातेली मांडलेली. तिथलेच अरब तरुण-तरुणी समोर बसतात आणि सांगतात, “आम्हाला काहीही विचारा. कुठल्याही प्रश्नाचा आम्हाला राग येणार नाही.”

आणि लोक खरंच विचारतात! तुम्ही पांढरेच कपडे का घालता? बायका डोकं का झाकतात? लग्नं कोण ठरवतं? रोज पाच वेळा नमाज पढायला वेळ कसा मिळतो? एरवी हे प्रश्न रस्त्यात थांबवून विचारता येतील का? नाही. पण एका ताटातलं खाताना विचारता येतात. हाताला भात लागलेला असला की माणूस रुसून बसत नाही, बरं का!

आधी कॉफी, मग गप्पा

अरब घरात पाहुणा आला की सर्वांत आधी येते ती ‘गहवा’, म्हणजे त्यांची कॉफी. आपल्या कॉफीसारखी ती काळी किंवा दुधाळ नसते. बिया हलक्या भाजलेल्या, त्यामुळे रंग फिकट सोनेरी. वेलदोडा भरपूर, कधी थोडं केशर. साखर अजिबात नाही. मग गोड काय? सोबत खजूर! एक खजूर तोंडात, एक घोट कॉफीचा.

चोचीसारखी लांब तोटी असलेल्या ज्या किटलीतून ती ओततात, ती ‘दल्ला’. बिनकानाचा छोटासा पेला, तो ‘फिंजान’. ओतणारा किटली डाव्या हातात धरतो आणि पेला उजव्या हाताने पुढे करतो. पहिला पेला सर्वांत वडीलधाऱ्या किंवा मानाच्या पाहुण्याला. पेला काठोकाठ भरायचा नाही, तळाला थोडीशीच कॉफी घालायची. संपली की पुन्हा घालतात. तुम्ही पेला नुसता पुढे केलात तर तो भरतच राहणार! पुरे झालं असेल तर मनगटाने पेला थोडा हलवायचा. एक तरी पेला घ्यावा, पण तीनाच्या वर जाऊ नये, असा शिष्टाचार आहे. या कॉफीची रीत संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेने 2015 साली मानवजातीचा सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवून घेतली आहे.

पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीला ते ‘मजलिस’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? आपल्या मराठीत ‘मजलस’ आहे, तोच हा! त्याच वर्षी ‘मजलिस’चीही युनेस्कोच्या यादीत नोंद झाली.

पाहुण्याचा एवढा मान का? त्याचं उत्तर वाळवंटात आहे. एका विहिरीपासून दुसरी विहीर दिवसभराच्या वाटेवर. अशा ठिकाणी तंबूच्या दाराशी आलेल्याला परत पाठवणं म्हणजे त्याचा जीव घेणंच. म्हणून जुनी रीत अशी, की आलेल्या वाटसरूला तीन दिवस ठेवून घ्यायचं, खाऊपिऊ घालायचं, आणि “तू कोण, कशाला आलास?” हे लगेच विचारायचं नाही. आज तो माझ्या दारात आहे, उद्या मी त्याच्या दारात असेन. हिशेब अगदी साधा!

ताटात काय काय?

आता पातेल्यांची झाकणं उघडू या.

पहिलं पातेलं ‘बलालीत’चं. उघडून पाहिलंत तर तुम्ही ओरडाल, “अरे, या तर शेवया!” होय, शेवयाच. साखर, वेलदोडा, केशर घातलेल्या गोड शेवया. पण थांबा, त्यांच्यावर चक्क अंड्याचं ऑम्लेट पसरलेलं असतं! गोड आणि खारं एकत्र. न्याहारीला आणि ईदच्या दिवशी हा पदार्थ हमखास होतो.

दुसऱ्यात ‘चबाब’. आपल्या घावनांसारखे, पण केशर-वेलदोड्याच्या वासाचे. वरून खजुराचा पाक. तिसऱ्यात ‘दंगो’, म्हणजे लाल मिरची घालून उकडलेले हरभरे. चौथी एक रोटी आहे, ‘रगाग’. कागदासारखी पातळ आणि कुरकुरीत. आमच्या कोल्हापूर-सोलापूरकडच्या दोस्तांना मांडे ठाऊक असतील, त्यांची ती दूरची बहीण शोभेल.

मधोमध मोठं पातेलं ‘मचबूस’चं. मांस किंवा मासळी शिजवलेल्या पाण्यातच भात शिजवायचा आणि त्यात दोन खास गोष्टी घालायच्या. एक ‘बझार’ मसाला. धने, जिरे, मिरी, दालचिनी, हळद वगैरे भाजून-कुटून केलेला. जसा आपल्या प्रत्येक घरचा गोडा मसाला निराळा, तसाच त्यांच्या प्रत्येक घरचा बझार निराळा. दुसरी गोष्ट ‘लूमी’. मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात खडखडीत वाळवलेलं लिंबू. काळपट, हलकं, लाकडी गोटीसारखं. पण भातात पडलं की काय आंबट सुगंध सुटतो!

आणि मग ‘हरीस’. यात काही दिखाऊपणा नाही. गहू, मांस, मीठ, पाणी, तूप. बस. गहू रात्रभर भिजवायचे, मांसाबरोबर कित्येक तास मंद शिजवायचे आणि लाकडी दांड्याने घोटत राहायचं. शेवटी गहू कुठला आणि मांस कुठलं हे ओळखता येत नाही. आपल्याकडे खपल्या गव्हाची खीर करताना आजी गहू भिजवून, कांडून, तासन्‌तास शिजवते ना? कष्ट तेच, फक्त त्यांची खीर तिखटामिठाची! हरीस एकट्या-दुकट्याने होत नाही. घोटायला माणसं लागतात, आणि पातेलं मोठं असतं म्हणून खायलाही माणसं लागतात. रमझानमध्ये संध्याकाळी उपास सोडण्याआधी हरीसच्या वाट्या या घरातून त्या घरात जातात. दहाव्या शतकात बगदादमध्ये लिहिलेल्या पाकपुस्तकातही हा पदार्थ आहे. 2023 साली युनेस्कोने हरीसचीही वारसा म्हणून नोंद केली.

एक लक्षात ठेवा हं. अरब म्हणजे एकच देश नव्हे. अरब लीग या संघटनेत बावीस देश आहेत. पुण्या-मुंबईत गाडीवर मिळणारा शोरमा किंवा हॉटेलातलं हुमुस ही लेबनॉन-सीरियाच्या बाजूची देणगी. मोरोक्कोत कुसकुस खातात. जसं पंजाबचं सरसोंका साग खाऊन कुणी म्हणू लागला की “मला मालवणी जेवण कळलं,” तर मालवणचे दोस्त काय म्हणतील?

मुंबईचा तांदूळ, आखाताचे मोती

आता खरी मजेची गोष्ट. ही सगळी ‘परंपरागत अरबी’ पातेली जरा नीट न्याहाळा. तांदूळ कुठला? त्या वाळूत भात पिकत नाही. मिरी कुठली? वेलदोडा कुठला? हळद कुठली? बरोबर, आपल्या बाजूची!

पेट्रोल सापडण्याआधी आखाताचा मोठा धंदा मोत्यांचा होता. उन्हाळ्याचे चार महिने गडी गलबतं घेऊन समुद्रात जात. नाकाला चिमटा, पायाला दगड बांधून तळाशी बुडी मारत आणि शिंपले गोळा करत. ते मोती विकायला येत कुठे? मुंबईला! ‘बसऱ्याचे मोती’ हा शब्द तुमच्या आजीला विचारून पाहा. आणि परत जाताना गलबतांत काय भरलेलं असे? तांदूळ, मसाले, कापड, लाकूड. पुढे जपानमध्ये मोत्यांची शेती सुरू झाली. 1930 च्या सुमारास आखातातला मोत्यांचा धंदा बसला आणि लोकांचे फार हाल झाले. पेट्रोलचा पैसा नंतर आला.

दुबईत पहिलं टपाल कार्यालय 1909 साली उघडलं, ते भारतीय टपाल खात्याचं. तिथल्या बाजारात 1966 पर्यंत व्यवहार रुपयांत चालत. 1959 पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळे रुपये छापत असे. म्हणजे दुबईच्या म्हाताऱ्या आजोबांनी लहानपणी खाऊ घेतला असेल तो रुपया-आण्यांनी!

शब्दही गलबतांतूनच आले-गेले. आपला मुरांबा, हलवा, सरबत या शब्दांची मुळं अरबीत आहेत. उलट, चिंचेला अरब लोक काय म्हणतात, माहीत आहे? ‘तमर हिंदी’. म्हणजे भारताचा खजूर! इराकमध्ये कैरीचं पिवळं लोणचं खातात, त्याचं नाव ‘अंबा’. हे नाव कुठून गेलं ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणजे पाहा, नवख्या माणसाला वाटतं की मी परक्याच्या ताटावर बसलो. आणि पहिला घास घेतला की जिभेला कळतं, अरे, यात तर माझ्या घरचा वेलदोडा आहे! एका जेवणाने होतं ते एवढंच. पण एवढं झालं की पुढचं बोलणं सोपं होतं.

आता आपल्याकडे पाहू. उपासाची साबूदाण्याची खिचडी अगदी आपली, अगदी सोवळी, हो ना? पण साबूदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, शेंगदाणे, मिरची आणि बटाटा हे चारही मूळचे अमेरिका खंडातले! कधीतरी हे सगळे आपल्याकडे ‘नवखे पाहुणे’ म्हणून आले होते. आज त्यांच्याशिवाय एकादशी होत नाही!

सतरंजी कुठवर पोचते?

खोटं कशाला सांगू? एका सतरंजीने सगळे प्रश्न सुटत नाहीत. त्या जेवणाला पैसे भरून जावं लागतं. उंच इमारती बांधणारे कितीतरी मजूर, त्यांत आपले भारतीय भाऊ पुष्कळ, गावाबाहेरच्या खोल्यांतून दाटीवाटीने राहतात. दिवसभर राबून आल्यावर त्यांना अशा न्याहारीला जाणं कुठून परवडणार? मात्र रमझानच्या महिन्यात चित्र थोडं बदलतं. कितीतरी मशिदींजवळ संध्याकाळी लांबच लांब पंगती बसतात. खजूर, पाणी, फळं, भात. पैसे लागत नाहीत आणि ‘तू कोणत्या देशाचा’ असंही कुणी विचारत नाही. तीन दिवस वाटसरूला ठेवून घेण्याची ती जुनी रीत इथे थोडी जिवंत दिसते.

आणखी एक गोष्ट. पाहुण्यांना घरचं जेवण समजावून सांगताना यजमानांचाही फायदा होतो. बर्गर आणि पिझ्झा काय फक्त आपल्याच गल्लीत आलेत? ते दुबईतही आहेत. मग हरीस किती वेळ घोटायचं, लूमी कसं वाळवायचं, हे कोण लक्षात ठेवणार? पाहुण्याने “हे कसं करतात?” असं विचारलं, की उत्तर देण्यासाठी तरुण मुलाला आजीकडे जावंच लागतं!

आता तुमची पाळी

मित्रांनो, पाहुणा व्हायला विमानात बसावं लागत नाही. तुमच्या वर्गात यंदा कुणी नवीन आलंय का? ऊसतोडीसाठी आलेल्या घरातला मुलगा, बिहारहून आलेल्या गवंड्याची मुलगी, बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याचा मुलगा? पुण्यात तर येमेन, इराक, सुदान अशा देशांतून विद्यार्थी शिकायला येतात. वर्षानुवर्षं राहतात. त्यांतल्या कितीजणांना कुणी घरी वरणभातासाठी बोलावलं असेल?

मधल्या सुट्टीत कुणाचा डबा उघडला की “शी, कसला वास!” असं म्हणणारं एखादं तोंड प्रत्येक वर्गात असतं. त्या एका शब्दाने काय होतं ठाऊक आहे? ते मूल दुसऱ्या दिवशी डबा आणत नाही. किंवा भिंतीकडे तोंड करून खातं. आईने पहाटे उठून केलेल्या भाजीची त्याला लाज वाटू लागते. केवढी मोठी शिक्षा, आणि गुन्हा काहीच नाही!

म्हणून दुबईच्या सतरंजीवरचे तीन नियम आपण घेऊ या.

पहिला : आधी नाव विचारा, माणसाचंही आणि पदार्थाचंही. “हे काय आहे?” यापेक्षा “याला तुमच्याकडे काय म्हणतात?” हे किती छान वाटतं, पाहा.

दुसरा : खायलाच हवं असं नाही. कुणी शाकाहारी असेल, कुणाच्या घरी काही चालत नसेल. “आमच्याकडे हे खात नाहीत, पण मला सांग ना कसं करतात,” एवढं म्हटलं तरी मान राहतो. दुबईतही शाकाहारी पाहुणा हरीस खात नाही, पण दंगो आणि चबाबवर ताव मारतो!

तिसरा : वाटी रिकामी परत करायची नाही. ही तर आपल्या आजीचीच शिकवण. त्याने दिलं, की उद्या आपण द्यायचं. म्हणजे उपकार कुणाचेच नाहीत, मैत्री दोघांची.

करून पाहा : लुगेमात

‘लुगेमात’ म्हणजे ‘छोटे छोटे घास’. आपल्या गुलगुल्यांचे हे अरबी भाऊ. तळणीचं काम आहे, म्हणून आई, बाबा किंवा ताई-दादा शेजारी हवेतच. एकट्याने गॅसजवळ जायचं नाही!

साहित्य : 2 वाट्या मैदा, 1 लहान चमचा यीस्ट, 1 मोठा चमचा साखर, 2 मोठे चमचे दही, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड, सुमारे सव्वा वाटी कोमट पाणी, तळायला तेल. पाकासाठी 15-20 बिनबियांचे खजूर, 1 वाटी पाणी. वरून भाजलेले तीळ.

कृती : कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला की मैदा, दही, मीठ, वेलदोडा घालून भज्यांच्या पिठासारखं पण जरा चिकट पीठ भिजवा. झाकून तासभर ठेवा. ते फुगून वर येतं, ते पाहण्यातच निम्मी मजा! तोवर खजूर गरम पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून घ्या आणि मंद आचेवर घट्टसर पाक करा. मग मोठ्यांनी मध्यम आचेवर छोटे गोळे सोडून बदामी तळावेत. सारखे हलवत राहिलं की छान गोल होतात. गरमागरम लुगेमातवर खजुराचा पाक ओता, तीळ भुरभुरा. तीळ आणि गोड? संक्रांत आठवली ना!

खाण्यापूर्वी पाहुण्याला म्हणायचं, “बिल-आफिया.” म्हणजे ‘हे तुम्हाला आरोग्य देवो.’ आणि दारात स्वागत करताना म्हणायचं, “अहलन व सहलन.” त्याचा अर्थ असा सांगतात : तू तुझ्याच माणसांत आलास, आणि वाट सपाट आहे. किती गोड स्वागत, नाही का?

आईबाबांसाठी चार ओळी

मुलं मित्राचं नाव घरी सांगतात, तेव्हा आपला पुढचा प्रश्न बहुतेक वेळा “आडनाव काय?” किंवा “कुठला आहे?” हा असतो. या रविवारी त्याऐवजी “त्याला काय खायला आवडतं?” एवढंच विचारून पाहा. आणि जमलं तर त्या मुलाला, त्याच्या आईसह, एकदा घरी बोलवा. पंचपक्वान्नांची गरज नाही, पिठलं-भाकरी चालेल. मुलं भाषणाने थोडं शिकतात, पण आई कुणाला पाटावर बसवते ते पाहून फार शिकतात.

तर दोस्तांनो, या आठवड्याचा गृहपाठ हाच. एक नवा पदार्थ आणि एका नव्या मित्राचं नाव वहीत लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात आपली पंगत आणखी एका गावी बसेल. तोवर, बिल-आफिया!